घाटात दिसतो, गॅरेजमध्ये लपतो! गिअर यंत्रणेतील फसव्या दोषांचा माग कसा काढावा?

बांदा : चढावर गाडी अचानक झटका देते, गिअर बदलताना नको तितका वेळ लावते, कधी डॅशबोर्डवर एखादा दिवा लागतो, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सारे पूर्ववत! गाडी गॅरेजमध्ये न्यावी तर तासभर फिरवूनही काही दिसत नाही. जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि वाहनधारक घरी परततो. चार दिवसांनी त्याच वळणावर पुन्हा तोच झटका. गाडी साफ बंद पडली तर निदान दोष कुठे आहे ते सापडते. पण गिअर यंत्रणेतील हे अधूनमधून डोके वर काढणारे दोष वाहनधारक आणि मेकॅनिक दोघांचीही कसोटी पाहतात. त्यात जीवाचा धोका आहे आणि खिशालाही. निदान चुकले तर काही शे रुपयांच्या कपलरऐवजी लाखाच्या घरातला गिअरबॉक्स बदलला जातो, आणि मूळ दोष जागीच राहतो.

अशा दोषाचा शोध एकामागून एक सुटे भाग बदलून लागत नाही. तो कोणत्या परिस्थितीत प्रकट होतो याची नोंद ठेवून आणि तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करूनच तो पकडावा लागतो. हे काम निम्मे मेकॅनिकचे असले, तरी निम्मे वाहनधारकाचेच आहे.

बांद्याच्या रस्त्यांवरील कसोटी

गिअर यंत्रणेची सर्वांगीण परीक्षा घेणारे रस्ते बांद्याच्या आसपास एकवटले आहेत. मुंबई–गोवा महामार्गावरील हे गाव महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असून पत्रादेवी ओलांडली की गोव्याची हद्द लागते. झाराप ते पत्रादेवी हा चौपदरी रस्ता वेगाने आणि एका लयीत गाडी चालवण्याचा. पूर्वेला दाणोलीमार्गे गेले की आंबोलीचा घाट सुरू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. दोडामार्गाच्या बाजूने गेल्यास तिलारीचा तीव्र चढाचा घाट. गणेशोत्सवात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या सुमारे पाचशे किलोमीटर अंतर कापून, पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि बराच काळ कोंडीत रेंगाळत येथे पोचतात.

याचा निदानाशी थेट संबंध आहे. अनेक वाहनधारकांना अधिकृत सेवा केंद्रासाठी कुडाळ, कोल्हापूर, म्हापसा किंवा पणजी गाठावी लागते. बांद्याहून कुडाळ किंवा म्हापशाकडे जाणारा रस्ता बहुतांशी सरळ महामार्गाचा. तेथे चाचणीही सपाट रस्त्यावर, एकट्या चालकाने, रिकाम्या गाडीत केली जाते. पाच माणसे व सामान घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटे चढ चढल्यावर प्रकटणारा दोष तेथे दिसणार तरी कसा? मेकॅनिक खोटे बोलत नसतो आणि वाहनधारकही नाही. दोघांनी पाहिलेली परिस्थिती वेगळी असते.

गिअरबॉक्सचे प्रकार आणि त्यांची लक्षणे

भारतात अनेक दशके क्लच आणि हाती गिअरच्या गाड्यांचेच राज्य होते. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ ‘ऑटो गिअर शिफ्ट’ यंत्रणेसह बाजारात आली आणि क्लचविरहित गाडी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. त्यानंतर प्रकार वाढले आणि त्याबरोबर दोषांचे प्रकारही. ‘गाडी झटका मारते’ एवढ्या तक्रारीचा अर्थ प्रत्येक प्रकारात निराळा असतो.

हाती गिअर : सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर खरडून पडतो आणि गाडी तापल्यावर सुरळीत होतो, तेव्हा संशय गिअर ऑईल किंवा सिंक्रोनायझर रिंगवर जातो. याउलट गाडी तापल्यावर घाटात इंजिनच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट घसरत असते. पेडल एखाद्या दिवशी खाली बसते आणि दोनतीन वेळा दाबले की पुन्हा वर येते, हे क्लचच्या हायड्रॉलिक सिलिंडरमधील सील जीर्ण झाल्याचे किंवा त्यात हवा शिरल्याचे लक्षण आहे. खड्ड्यात किंवा अॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप निसटत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी इंजिन व गिअरबॉक्सचे फाउंडेशन आणि लिव्हरच्या केबल तपासाव्यात.

एएमटी : यात गिअरबॉक्स हातीच असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम मात्र संगणकाच्या आज्ञेने यंत्र करते. कधी गाडी न्यूट्रलमध्येच राहते, कधी गिअरचा आकडा लुकलुकतो. दाब निर्माण करणारा पंप, त्यातील तेलाची पातळी, बॅटरीचा व्होल्टेज आणि ब्रेक दिव्याचा स्विच ही येथील नेहमीची संशयित मंडळी. ब्रेक दाबल्याची सूचना संगणकाला मिळाली नाही तर तो गिअर टाकत नाही, आणि चालकाला मात्र गिअरबॉक्स बिघडल्यासारखे वाटते.

टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक : मध्यम वेगात, अॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. कन्व्हर्टरमधील लॉकअप क्लच नीट धरत नसल्यास असे होते. जुने, जळलेले तेल हे त्याचे एक प्रमुख कारण.

सीव्हीटी : दोन पुलींमध्ये फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यावर चालणाऱ्या या यंत्रणेत गिअर ‘पडत’ नाही. निघताना कंप, चढावर ताकद कमी होणे ही तिची लक्षणे. तेल फार तापल्यास संगणक स्वतःहून इंजिनची ताकद घटवतो. गाडी थंड झाल्यावर सारे ठीक होते, म्हणून दोष सापडत नाही.

ड्युअल क्लच : कोंडीत किंवा चढावर गाडी इंचाइंचाने पुढे नेत राहिल्यास कोरडे क्लच तापतात आणि थरथर सुरू होते. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय येथे महागात पडते. थांबायचे असेल तर ब्रेकच लावावा.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

गिअरबॉक्सच्या नावाने येणाऱ्या अनेक तक्रारींचे मूळ गिअरबॉक्समध्ये नसतेच. इंजिनचा एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल ओझ्याखाली चुकत असेल, तर येणारा झटका हुबेहूब गिअरच्या झटक्यासारखा वाटतो. घासलेले फाउंडेशन रबर, सैल झालेला एक्सलचा सांधा, चाकाचे बेअरिंग, चाकाच्या वेगाचा चुकीचा संकेत देणारा एबीएस सेन्सर यांचीही गत तीच.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत एक साधी परीक्षा आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर थरथर सुरू असताना अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला केवळ स्पर्श करावा. यामुळे लॉकअप क्लच सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरवर. तशीच राहिली तर इंजिन किंवा चाकांकडे पाहावे. डाव्या पायाची सवय नसलेल्याने हा प्रयोग स्वतः न करता तंत्रज्ञाकडून करून घ्यावा.

कोकणातील हवेचा वाटा

अधूनमधून येणाऱ्या दोषांत विजेच्या जोडणीचे दोष मोठ्या संख्येने असतात. आधुनिक गिअर यंत्रणेचे सेन्सर अत्यंत कमी व्होल्टेजवर काम करतात. कपलरच्या पिनेवर चढलेला हिरवट गंज, सैल झालेले अर्थिंग किंवा घासून उघडी पडलेली वायर एवढेही त्यांचा संकेत तुटायला पुरते. खड्ड्यात हादरा बसतो, वायर क्षणभर सुटते. गाडी स्थिर उभी राहिली की पुन्हा टेकते. किनारपट्टीची दमट, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या गंजाला खतपाणी घालतात. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरींचे आवरण कुरतडतात, ते वेगळेच.

पुराचे पाणी हे आणखी एक कारण. तेरेखोल नदीला पूर आला की बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरते, हे बांदेकरांना नवे नाही. गिअरबॉक्सला हवा खेळती राहण्यासाठी एक छोटी श्वासनळी असते. चालून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते आणि या नळीवाटे किंवा जीर्ण सीलमधून पाणी आत ओढले जाते. गाडी त्या दिवशी सुरळीत चालते. परिणाम काही आठवड्यांनी, थोडे थोडे करून दिसू लागतात. तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेल्याचे निश्चित समजावे. पाण्यातून गेलेल्या गाडीचे गिअर ऑईल आणि कपलर लगेच तपासून घेणे म्हणूनच शहाणपणाचे. पावसाळ्यानंतर जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही गालिच्याखालचा ओलसर वास आणि कपलरच्या पिनांवरील गंज पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

उष्ण व दमट हवा गिअर यंत्रणेला कशी बाधते, याचे जागतिक उदाहरणही आहे. फोक्सवॅगन समूहाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजी यंत्रणेच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यातील कृत्रिम गिअर ऑईलमुळे, विशेषतः उष्ण व दमट हवामानात, वीजपुरवठ्यात बिघाड होऊन गाडीची ताकद अचानक जाण्याची शक्यता होती. उपाय काय? कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरणे! त्याच वर्षी या गिअर यंत्रणेच्या तक्रारींवरून चीनमध्येही तीन लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. जगभर खपलेली यंत्रणा हवामान बदलले की निराळी वागते, हा यातला धडा.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

आजच्या गाड्यांत संगणकाला जोडण्यासाठी स्टिअरिंगखाली सॉकेट असते. स्कॅनर लावला की दोषाचा सांकेतिक क्रमांक मिळतो. पी ०७०० म्हणजे गिअर नियंत्रण यंत्रणेत काहीतरी बिघाड असल्याची केवळ सर्वसाधारण सूचना. पी ०७१५ हा गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरशी, पी ०७२० बाहेर पडणाऱ्या फेऱ्यांच्या सेन्सरशी, तर पी ०७०५ लिव्हर कोणत्या स्थानी आहे हे सांगणाऱ्या सेन्सरशी संबंधित आहे.

मात्र क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. पी ०७१५ दिसला म्हणजे सेन्सरच गेला असे नाही; त्याची वायर, कपलर किंवा अर्थिंगही दोषी असू शकते. येथेच अनेकदा चोर सोडून संन्याशाला सुळी दिला जातो. नवा सेन्सर बसवताना जुना कपलर काढून घट्ट लावला जातो, त्यामुळे दोष काही दिवस दबतो आणि पुढच्या पावसात परत येतो.

स्कॅनर वापरताना तीन बाबींचा आग्रह धरावा. पहिली, क्रमांक पुसण्याआधी सर्व नोंदी छापून किंवा छायाचित्र काढून घ्याव्यात. दुसरी, ‘प्रलंबित’ क्रमांकही पाहावेत. एकदाच घडलेला दोष संगणक अनेकदा पक्का न धरता प्रलंबित ठेवतो आणि तोपर्यंत डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही. तिसरी, ‘फ्रीज फ्रेम’ नावाची नोंद मागावी. दोषाच्या क्षणी वेग, इंजिनच्या फेऱ्या, तापमान, इंजिनवरील ओझे किती होते, हे तीत गोठवून ठेवलेले असते. बाजारात मिळणारी मोबाइलला जोडायची स्वस्त उपकरणे बहुधा इंजिनच्याच नोंदी वाचतात. गिअर यंत्रणेचा स्वतंत्र संगणक वाचण्यासाठी त्या कंपनीचा किंवा वरच्या दर्जाचा स्कॅनर लागतो.

बॅटरीची तार काढून लावण्याचा ‘रामबाण’ उपाय तर टाळावाच. त्याने अनेक गाड्यांतील नोंदी पुसल्या जातात आणि क्लचच्या झिजेनुसार संगणकाने शिकून ठेवलेली मापेही जाऊ शकतात. त्यामुळे काही किलोमीटर गाडी वेगळी चालते, दोष गेल्याचा भास होतो आणि पुरावा तेवढा नष्ट होतो.

स्वस्तापासून महागाकडे

तपासणीचा क्रम योग्य असेल तर खर्च वाचतो. प्रथम बॅटरी व चार्जिंग. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, तर इंजिन सुरू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. त्यानंतर अर्थिंग आणि कपलर. येथे तंत्रज्ञाने इंजिन सुरू ठेवून, स्कॅनरवरील आकडे पाहत वायरींचे जुडगे हलवून पाहावे. ज्या जागी हात लागताच आकडा उडी घेतो, तेथे दोष. याच पद्धतीने हीट गनने सौम्य ऊब देऊन किंवा पाण्याचा फवारा मारून उष्णतेची व पावसाची परिस्थिती निर्माण करता येते.

पुढची पायरी तेलाची. अनेक नव्या गिअरबॉक्सना तेल मोजायची पट्टी नसते. कंपनीने ठरवलेल्या तापमानालाच पातळी पाहावी लागते. अंदाजाने तेल भरले तर कमी-जास्त पातळीचाच नवा दोष निर्माण होतो. तेलाची जातही कंपनीने सांगितलेलीच हवी. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे तेल घालणे घातक ठरते. गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण वापरा’साठी तेलबदलाचे वेगळे वेळापत्रक दिले असेल, तर नेहमी घाट चढणाऱ्यांनी तेच पाळावे.

त्यानंतर संगणकाची सुधारित प्रणाली व क्लचची नव्याने मापे शिकवणे, मग सोलेनॉइड व व्हॉल्व्ह बॉडी आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्स उघडणे. प्रत्येक वेळी एकच बदल करावा. तीन भाग एकदम बदलले आणि दोष गेला, तर खरा दोषी कोण होता हे कधीच कळत नाही.

दुरुस्ती यशस्वी झाली की नाही हे ठरवण्याचाही हिशेब आहे. दोष दररोज येत असेल तर तीनचार दिवसांत उत्तर मिळते. पण तो सरासरी दहा दिवसांतून एकदा येत असेल, तर दुरुस्तीनंतरचे आठ निर्वेध दिवस काहीच सिद्ध करत नाहीत. दोन वेळांतील सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ, म्हणजे येथे महिनाभर, वाट पाहावी आणि त्या काळात घाटही चढावा. उन्हाळ्यात केलेल्या दुरुस्तीची परीक्षा, दोष पावसाळी असेल तर, पावसाळ्यातच होते.

वाहनधारकाची नोंदवही

दोष घडल्यावर पुढील बाबी त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात :

- तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा
- ठिकाण, चढ, उतार की सपाट रस्ता
- गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, इंजिन थंड होते की तापलेले
- ऊन, पाऊस. आदल्या रात्री गाडी कुठे उभी होती, पाण्यातून गेली होती का
- वेग, इंजिनच्या फेऱ्या, कोणता गिअर. अॅक्सिलरेटर दाबलेला होता की सोडलेला
- गाडीत किती माणसे, किती सामान. एसी सुरू होता का
- नेमके काय झाले : झटका, थरथर, आवाज, वास, की गिअर न पडणे
- कोणता दिवा लागला. दोष कशाने आणि किती वेळाने गेला

डॅशबोर्डचे छायाचित्र किंवा चित्रफीत शेजारी बसलेल्याने घ्यावी. चालकाने वाहन चालवताना मोबाइलला हात लावू नये. पाचसहा नोंदी झाल्या की बहुधा एक समान धागा दिसू लागतो. सर्व नोंदी तापलेल्या गाडीच्या असतील तर तेल, क्लच किंवा उष्णतेने सुटणारी जोडणी. सर्व पावसाच्या असतील तर कपलर. सर्व खड्ड्यांच्या असतील तर वायर किंवा फाउंडेशन, अशी दिशा मिळते.

गॅरेजमध्ये गाडी देताना ‘गिअरचा प्रॉब्लेम’ एवढेच न लिहिता नोंदवहीची प्रत जॉब कार्डला जोडावी. तंत्रज्ञाला शेजारी बसवून, शक्य असल्यास दोष जेथे येतो त्याच रस्त्यावर, तेवढेच ओझे घेऊन आणि स्कॅनर जोडलेला ठेवून चाचणी घ्यावी. ते शक्य नसेल तर डेटा नोंदवणारे उपकरण काही दिवस गाडीत बसवता येईल का, हे विचारावे.

घाटात दोष उद्भवल्यास

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली किंवा ताकद कमी झाली, तर ती बहुधा यंत्रणेने स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेली पवित्र्याची स्थिती असते. घाबरून वळणावर थांबू नये. चारही इंडिकेटर लावून, सावकाश, रुंद व दुरून दिसणाऱ्या जागेपर्यंत जावे. थांबल्यावर हँडब्रेक लावावा, चाकाला दगडाची उटी द्यावी, मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. गाडी थंड होऊ द्यावी आणि मगच पुन्हा सुरू करावी. निघताना रस्त्यातला दगड बाजूला करण्यास विसरू नये.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे हा जीवघेणा प्रकार आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकची मदत दोनतीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. गिअर पुन्हा पुन्हा निसटत असेल तर घाट उतरण्याचा मोह टाळून गाडी टो करून न्यावी. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढण्यापूर्वी पुस्तिका पाहावी. अनेक गाड्यांत पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्सला तेल न मिळून तो खराब होतो.

‘आता दाखवा’ म्हणणाऱ्यांना कायद्याचे उत्तर

दोष समोर दिसत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणे कंपनीला महाग पडल्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथील फेडरल कोर्टाने एप्रिल २०१८ मध्ये फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ‘पॉवरशिफ्ट’ ड्युअल क्लच यंत्रणेच्या फिएस्टा, फोकस व इकोस्पोर्ट गाड्यांत थरथरीच्या तक्रारी येत होत्या. दोष अधूनमधूनच दिसतो हे ठाऊक असूनही, तो तंत्रज्ञासमोर करून दाखवा तरच दुरुस्ती, अशी अट ग्राहकांना घातली गेली. थरथरीचे खापर अनेकदा त्यांच्याच गाडी चालवण्याच्या पद्धतीवर फोडले गेले. २०१५-१६ मधील ही वागणूक अनुचित असल्याचे कंपनीने न्यायालयात मान्य केले.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी गोव्यात किंवा कोल्हापुरात घेतली म्हणून तेथे खेटे घालण्याची गरज नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. साध्या पाहणीने न दिसणारा दोष ठरवण्यासाठी आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो, ही तरतूद अशा प्रकरणांत सर्वांत मोलाची. मात्र प्रत्येक दोषाला नवी गाडी मिळत नाही. सदोष भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात घेतली होती.

म्हणूनच कागद महत्त्वाचे. वॉरंटी संपण्यापूर्वी प्रत्येक वेळी लेखी तक्रार, प्रत्येक वेळी जॉब कार्ड, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असेल तर तोही जपून ठेवावा. एकाच दोषासाठी पाच वेळा गाडी नेल्याची ती पाच कार्डे, नोंदवही आणि स्कॅनरच्या छापील नोंदी एकत्र ठेवल्या की अधूनमधून दिसणारा दोषही सलग दिसू लागतो. तोंडी आश्वासनावर, ‘चालवत राहा, आपोआप बसेल’ या सल्ल्यावर वॉरंटीचे महिने वाया घालवू नयेत.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास कंपनीला त्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला असून त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून अमलात आले. त्यासाठी वाहनधारकांच्या तक्रारींची संख्या विचारात घेतली जात असल्याने, एकट्याची वाटणारी तक्रारही परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवणे उपयुक्त ठरते. ग्राहक म्हणून प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.